मिनिटाला अठरा फेऱ्या

ओट्यावर ट्रॅक्टर ठेवला, मोबाईलवरचं बटण दाबलं आणि तो सुटलाच. थांबवायचं बटण शोधेपर्यंत ओट्याची कड आली आणि माझ्या सात आठवड्यांच्या कष्टाचं फळ जनावरांच्या हौदापाशी चाकं वर करून पडलं. चाकं अजून फिरत होती. कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेल्या आण्णांनी मळणं थांबवलं नाही. नुसतं विचारलं, "ह्यो ट्रॅक्टर हाय का यष्टी?"

लेक हसून हसून खाली बसली. मी ट्रॅक्टर उचलून आणला. एक आरसा तुटला होता, बाकी सगळं शाबूत. जस्ताच्या ओतीव धातूचा हा एक गुण आहे, पडण्याचं त्याला फारसं काही वाटत नाही.

आण्णांनी २६ वर्षं दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवला. मालक बदलले, ट्रॅक्टर बदलले, पण घरात विषय निघाला की ते मॅसी १०३५ वरच येऊन थांबतात. नांगरट, सरी सोडणं, हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावून कारखान्याच्या रांगेत रात्र काढणं, हे सगळं त्या एका लाल यंत्रावर झालं. त्यामुळे शाळेत असताना मला ट्रॅक्टरचं जेवढं वेड होतं तेवढाच रागही होता. वडील घरी नसायचे, कारण ते ट्रॅक्टरवर असायचे. पुढं मी डिप्लोमा केला, भोसरीला नोकरीला लागलो आणि चाळिशीच्या उंबऱ्यावर हा उद्योग मागं लागला.

सुरुवात झाली ती स्टुटगार्टला गेलेल्या मित्रानं लेकीसाठी आणलेल्या हिरव्या ट्रॅक्टरपासून. एकास बत्तीस मापाचा, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढा, तळहातावर मावणारा. हे बत्तीसच का, याची गंमत आहे. इंग्लंडमधल्या ब्रिटन्स कंपनीनं १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतायला घेतले, ते ५४ मिलिमीटर उंचीचे. चोपन्नला बत्तिसानं गुणा, १ मीटर ७३ सेंटीमीटर होतात, म्हणजे बरोब्बर एक माणूस. पहिल्या महायुद्धानंतर घरोघरी सैनिकांचा कंटाळा आला तेव्हा त्याच कंपनीनं शेतकरी, गाई, कोंबड्या, कुंपणं काढली आणि शेतीची खेळणी तिकडं त्याच मापात रुळली. अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथं १९४५ मध्ये आयोवातल्या फ्रेड अर्टल यांनी घराच्या तळघरात विमानांचे भंगारातले ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवून वाळूच्या साच्यात ट्रॅक्टर ओतले, ते सोळाव्या भागाचे. युद्धातनं परतलेलं ॲल्युमिनियम पोरांच्या हातात गेलं, हे मला फार आवडतं. अर्टलचा कारखाना पुढं ज्या डायर्सव्हिल गावात गेला तिथं आता शेतीच्या खेळण्यांचं संग्रहालय आहे.

आमच्याकडं बेंदराला मातीचे बैल यायचे. बायकोच्या माहेरी, वर्ध्याकडं, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल असतो आणि त्याला खाली चाकं असतात. लग्नानंतर पहिल्यांदा तो बघितला तेव्हा मी हसलो होतो, बैलाला कसली चाकं म्हणून. आता ट्रॅक्टरच्या पोटात मोटर कोंबताना तो बैल हटकून आठवतो. आपल्या आवडीची वस्तू चालली पाहिजे ही हाव काही माझ्यापासून सुरू झालेली नाही.

तर, ट्रॅक्टर उलटा केला, चार स्क्रू काढले. आत काय? काहीच नाही. मागच्या दोन चाकांतनं गेलेली पोलादी सळई, पुढच्या दोन चाकांतनं गेलेली दुसरी सळई, आणि मध्ये पोकळी. त्या पोकळीत मोटर, बॅटरी, मेंदू आणि स्टिअरिंग बसवायचं होतं. मागच्या चाकांमधलं अंतर चार सेंटीमीटर. मला सगळ्यांनी सांगितलं होतं की दोन चाकांना दोन मोटरी लाव, म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक असतो तसं जागेवर वळवता येईल. सांगणाऱ्यांनी फूटपट्टी लावली नव्हती. एन-२० नावाची जी चिमुकली गिअरवाली मोटर मिळते ती १२ मिलिमीटर रुंद, १० उंच आणि दांडा सोडून २४ लांब. दोन ठेवल्या की ४८ झाले. चाळीसात अठ्ठेचाळीस बसत नाहीत. शेवटी एकच मोटर आडवी, सीटच्या खाली, आणि तिथून सळईवर एकाला एक अशी दोन प्लास्टिकची चक्रं. ती भंगारातल्या डीव्हीडी प्लेअरमधली.

मोटरला करंट देणारी जी पट्टी लागते त्यात मी पहिल्यांदा डिप्लोमाच्या प्रोजेक्टमधली एल-२९८ काढली. सवयीनं. साडेतीन-चार व्होल्टच्या बॅटरीला ती लावणं म्हणजे मालकानं दिलेल्या पगारातले निम्मे मुकादमानं ठेवून घेण्यासारखं आहे. दोनेक व्होल्ट ती स्वतःच खाते. डीआरव्ही-८८३३ लावल्यावर हा प्रश्न संपला. ती नखाएवढी आहे आणि पोटाला फार मागत नाही.

बॅटरीच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १५० मिलीअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी घेतली, बोटाच्या पेराएवढी. चार्जिंगला बुधवार पेठेतनं टीपी-४०५६ ची पट्टी आणली, जोडली आणि जेवायला बसलो. परत येऊन बघतो तर बॅटरी पुरीसारखी टम्म. त्या पट्टीवर दुकानातनं येतानाच १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि त्या मापानं ती पूर्ण एक अँपिअर करंट ढकलते. माझ्या बॅटरीच्या जवळजवळ सातपट. तिथं १० किलोओहमचा लावला की करंट १३० मिलीअँपिअरवर येतो. मोहरीएवढा तो रेझिस्टर बदलायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं वाचवली होती. फुगलेली बॅटरी वाळूच्या डब्यात घालून रात्रभर गॅलरीत ठेवली. बायको काही बोलली नाही, फक्त गॅलरीचं दार लावून घेतलं आणि कडी घातली.

आता स्टिअरिंग. मला विचाराल तर खेळण्यातला ट्रॅक्टर चालवणं सोपं आहे, वळवणं अवघड. पुढची सळई कापून टाकली. दोन्ही टोकांना उभ्या पिना, त्यावर फिरणारे पितळेचे दोन तुकडे, त्यांना जोडणारी स्टेपलरच्या पिनेची दांडी. चाकं वळवायला सर्व्हो लागतो, म्हणजे सांगू तेवढ्याच कोनात फिरणारी चिमुकली मोटर. नऊ ग्रॅमवाला निळा सर्व्हो, जो सगळीकडं मिळतो, तो २३ मिलिमीटर लांब, बोनेटात काही केल्या आडवा बसेना. शेवटी पावणेचार ग्रॅमचा घेतला. सगळं बसल्यावर वळवून बघितलं तर आतलं चाक फरफटत चाललेलं. वळताना आतलं चाक लहान गोल काढतं आणि बाहेरचं मोठा, म्हणून आतलं जास्त वळायला हवं. जोडदांडी पिनांमधल्या अंतरापेक्षा थोडी आखूड केली आणि ती चाकांच्या मागच्या बाजूला ठेवली की ते आपोआप होतं. ही युक्ती मोटारींच्या कितीतरी आधीची, घोडागाड्यांसाठी काढलेली. १८१७ मध्ये म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्यानं ती शोधली, पुढच्या वर्षी लंडनमध्ये आकरमन यांनी तिचं पेटंट घेतलं आणि नाव मात्र आकरमनचं लागलं. पेटंट काढणाऱ्याचं नाव राहतं, हातानं करणारा जातो. हे आमच्या कंपनीतही चालतं, पण तो विषय वेगळा.

दुसऱ्या रविवारी हे सगळं घेऊन गावी गेलो आणि ओट्यावरून ट्रॅक्टर पडला तो त्या दिवशी. आण्णांचा टोमणा मनाला लागला म्हणून रात्री हिशोब मांडला. मोटर ६ व्होल्टला मिनिटाला ३०० फेऱ्यांची. बॅटरीवर १८५ च्या आसपास. मागचं चाक ४८ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेरीत साधारण १५ सेंटीमीटर. सेकंदाला ४६ सेंटीमीटर. त्याला बत्तिसानं गुणलं तर ताशी ५३ किलोमीटर! आण्णा बरोबर होते. ट्रॅक्टर नव्हताच तो.

"नांगरताना किती वेग असतो हो आण्णा?" मी विचारलं.

"शेजारनं माणूस चालत जाईल एवढा."

"पण किती?"

"आरं, चालत जाईल एवढा. काटा कोण बघतंय तवा. मागं बघायचं आसतंय."

म्हणजे ताशी पाच किलोमीटर धरू. उलटा हिशोब केला. चाकाच्या मिनिटाला फक्त सतरा-अठरा फेऱ्या हव्यात. सहा व्होल्टला ३० फेऱ्या करणारी एन-२० मिळते, तिच्यातली मोटर आत हजार वेळा फिरते तेव्हा दांडा एकदा फिरतो. बॅटरीवर ती अठराच्या जवळ येते. पुण्याला गेल्यावर पहिलं काम तेच केलं.

मंद चालवायला मंद मोटर कशाला, प्रोग्रॅममधून करंटचे तुकडे पाडून वेग कमी करता येतो की, असं ऑफिसातल्या एका पोरानं सांगितलं. येतो. मी करून बघितलं होतं. मग ट्रॅक्टर आधी नुसता किर्र आवाज करतो, हलत नाही, आणि हलला की एकदम उडी मारतो. क्लच सोडायला नुकत्याच शिकलेल्या माणसासारखा. मंदपणा गिअरमधनं आला पाहिजे, गळा आवळून आलेला उपयोगाचा नाही. आण्णांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "हाय गियरात टाकून आन् रेस कमी करून नांगर वडतोय व्हय कुनी?"

नवी मोटर लावली आणि ट्रॅक्टर ट्रॅक्टर झाला. तो चालला की आपण आपोआप खाली बसतो. फरशीच्या एका फटीवरनं पुढचं चाक चढतं, मग मागचं, आणि मध्ये बराच वेळ असतो. लेकीला तो अजिबात आवडला नाही. "बाबा, हा चालतोय का?" तिनं खरंच विचारलं. मग तिनं जे प्रत्येक पोर करतं ते केलं. त्याला हातानं धरलं, तोंडानं डुर्रर्र केलं आणि ढकललं.

कट्. हजाराला एकचा गिअर उलट्या बाजूनं ढकलला की आतले दात हे असे जातात. ती माझ्याकडं बघत होती, मी ट्रॅक्टरकडं. रागावलो नाही, पण तोंडावर आलं असावं, कारण ती म्हणाली, "मग आता यानं खेळायचं नाही का?"

या प्रश्नावर मी त्या रात्री बराच वेळ अडकलो होतो. तिचाच ट्रॅक्टर. तो चार दिवस तिच्या हातात पळत होता, पलंगाखाली जात होता, त्यावर बाहुली बसत होती. मी तो उघडला, आत आठशे-हजार रुपयांचं सामान घातलं आणि तो जपायची वस्तू करून टाकला. चालता केला म्हणतो खरा, पण तिच्या बाजूनं बघितलं तर बंदच पाडला होता.

उपाय सापडला तो सायकलच्या दुकानात. जुन्या सायकलच्या वॉलमध्ये जी बारीक रबरी नळी असायची ती, वॉलट्यूब. आता फार कुणी मागत नाही, दुकानदारानं खणाच्या तळातनं शोधून वीतभर कापून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मोटरच्या दांड्यावर चक्र थेट न बसवता मध्ये त्या नळीचा चार मिलिमीटरचा तुकडा घातला. मोटर फिरली की रबर धरतं. कुणी ढकललं की रबर घसरतं, दात वाचतात. जड ओझं लावलं तरी ते घसरतं हे खरं, पण तेवढं नुकसान मी पत्करलं. ट्रॅक्टर पुन्हा पलंगाखाली जाऊ लागला.

रेंजची भानगड राहिली होती. तीन पावलांवर गेलो की ट्रॅक्टर ऐकेना. मेंदू म्हणून ईएसपी-३२ सी-३ ची सुपर मिनी नावाची पाटी घातली होती, २२ बाय १८ मिलिमीटरची, बोनेटात आडवी नाही पण उभी बसते. धातूच्या बोनेटात रेडिओ कोंडला तर लहरी जाणार कुठनं? या पाटीच्या चिमुकल्या अँटेनाला ३१ मिलिमीटरची तार जोडायची एक रूढ युक्ती आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, तिचा चौथा हिस्सा म्हणजे ही ३१ मिलिमीटर. तार जोडली, पण ती बोनेटाबाहेर लोंबत होती, मेलेल्या झुरळाच्या मिशीसारखी. मग नजर गेली सायलेन्सरवर. प्लास्टिकचा, उभा. मोजला. एकतीस मिलिमीटर. मी दोनदा मोजला. मीटरभर उंचीच्या सायलेन्सरचा बत्तिसावा भाग तेवढाच येतो, त्यात चमत्कार काही नाही, पण त्या क्षणी मला कुणीतरी माझ्यासाठीच जागा धरून ठेवल्यासारखं वाटलं. सायलेन्सरला आतनं सुईनं भोक पाडलं आणि तार त्यात सरकवली. आता धुराऐवजी तिथनं सिग्नल ये-जा करतो.

दिवाळीत पुन्हा गावी. मोबाईल आण्णांच्या हातात दिला तर स्क्रीन त्यांच्या बोटाला दादच देईना. इतकी वर्षं डिझेल आणि ग्रीसमध्ये राहिलेली बोटं, टोकांना भेगा पडलेली. चार वेळा दाबून त्यांनी फोन परत दिला. "तुज्या यंत्राला मी दिसत न्हाय," म्हणाले. हसत म्हणाले, पण मला ते बोचलं. मग संक्रांतीपर्यंत प्लास्टिकच्या डब्यात दुसरी सी-३ घालून रिमोट केला. स्टिअरिंगला मोठं गोल बटण, गॅसच्या शेगडीचं. एक्सलेटरला हातानं ओढायची दांडी, कारण ट्रॅक्टरला तो हाताशीच असतो.

संक्रांतीला परसात मेथीसाठी वाफा तयार केला होता. माती भुसभुशीत, पण मोठ्यांच्या मापानं. पाच सेंटीमीटरचं ढेकूळ म्हणजे या ट्रॅक्टरपुढं दीड मीटरचा धोंडा. माती काही बत्तिसाव्या भागाची मिळत नाही. आईची पिठाची चाळण न विचारता उचलली आणि दोन बाय एक मीटरचा पट्टा चाळून घेतला. मागं पत्र्याचा एक फाळ लावला, तेलाच्या डब्याचा. सोडला. पुढची चाकं हवेत, मागची जागच्या जागी माती उकरत खाली.

"फुडं उचलतंय," आण्णा म्हणाले. "वजन लाव फुडं. आन् मागच्या टायरात पानी भर."

खऱ्या ट्रॅक्टरला हेच करतात, चाकं घसरू नयेत म्हणून टायरच्या ट्यूबमध्ये पाणी भरतात. वजनाचा हिशोब मला आधी सुचायला हवा होता. लांबी बत्तिसाव्या भागाची झाली की वजन तीनदा बत्तिसानं भागलं जातं. तीन टनांचा ट्रॅक्टर ९२ ग्रॅमचा होतो, आणि त्यानं करायचं काय तर मोठ्यांची माती ओढायची. पाणी नाही, पण टायर काढून त्याच्या पोकळीत शिसं भरलं. चाकाचं बॅलन्सिंग करणाऱ्याकडनं आणलेल्या शिशाच्या पट्ट्या होत्या, त्या कात्रीनं कापल्या, वर रबर चढवलं, आणि एक तुकडा पुढं जाळीच्या मागं.

पुन्हा सोडला. पहिलं तास, म्हणजे फाळानं पाडलेली चर, पडलं. बोटाच्या नखाएवढं खोल, थोडं वाकडं, पण एका बाजूला माती पडलेली स्पष्ट दिसत होती. दोन मीटरला पाऊण मिनिट लागलं. आई, बायको, शेजारची दोन पोरं, सगळे उकिडवे बसून बघत होते आणि कुणी बोलत नव्हतं.

आण्णांनी रिमोट मागितला. हातात घेतला आणि लगेच चालवला नाही. वाकून ट्रॅक्टर उचलला, फिरवला, पहिल्या तासाच्या कडेला ठेवला, परत उचलला. "उजवं चाक तासात घालायचं," ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. उजवी दोन्ही चाकं तासात उतरली आणि ट्रॅक्टर एका अंगाला कलला. पुढचा एक्सल मी मध्यभागी एका पिनेवर डुलता ठेवला होता, खऱ्यासारखा, आणि तो कशासाठी असतो हे मला त्या क्षणी पहिल्यांदा समोर दिसलं. चारही चाकं जमिनीला होती.

दांडी ओढली. ट्रॅक्टर निघाला. आण्णा शेजारनं चालू लागले, वाकून, अर्ध्या अर्ध्या पावलानं. मी त्यांच्याकडं बघत होतो. ते पुढं बघतच नव्हते. मान उजवीकडनं मागं वळवलेली, नजर फाळावर, आणि अंगठा गॅसच्या बटणावर एवढासा हलत होता.

वाफ्याच्या मध्यावर आल्यावर आवाज खाली गेला आणि ट्रॅक्टर थांबला. बॅटरी.

"डिझेल संपलं," लेक म्हणाली.

आण्णांनी रिमोट तिच्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून सरळ झाले आणि म्हशीला वैरण टाकायची राहिली म्हणून गोठ्याकडं गेले. लेकीनं रिमोट बाजूला ठेवला, ट्रॅक्टर हातानं धरला, तोंडानं डुर्रर्र केलं आणि राहिलेलं अर्धं तास तिनंच ओढलं. उजवं चाक तासात ठेवून.